एका दाबाला एक पाऊल : कळांवर चालणारं सोकोबान स्वतः कसं लिहावं

बाबांचा उजवा हात गेली काही वर्षं थरथरतो. माऊसचा बाण हव्या त्या जागी नेईपर्यंत तो भलतीकडेच सरकतो आणि एका क्लिकच्या जागी दोन होतात. कीबोर्ड मात्र त्यांना अजून जमतो, कारण नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टायपिंग केलं आहे. त्यांच्यासाठी मी निव्वळ कळांवर चालणारा, डोकं लावायला लावणारा एखादा खेळ शोधत होते. जे सापडले त्यांत कुठे जाहिराती होत्या, कुठे चमचमाट, तर कुठे मध्येच माऊस मागणाऱ्या खिडक्या. शेवटी सोकोबान स्वतःच लिहायला घेतलं. एकच फाइल, बाहेरची एकही लायब्ररी नाही. खेळ एका संध्याकाळी उभा राहिला, पण तो बाबांच्या हाताला बसेपर्यंत तीन आठवडे गेले. थोडंफार जावास्क्रिप्ट येत असेल तर तुम्हालाही तो लिहिता येईल. खाली सांगते आहे त्यातलं बरंचसं मला त्या तीन आठवड्यांत कळलं.

सोकोबान म्हणजे जपानीत गोदामाचा रखवालदार. हिरोयुकी इमाबायाशी यांनी १९८१ मध्ये हा खेळ रचला आणि डिसेंबर १९८२ मध्ये थिंकिंग रॅबिट या कंपनीने तो एनईसीच्या पीसी-८८०१ या संगणकासाठी विक्रीला आणला. गोदामात खोकी पडलेली असतात, ती ठरलेल्या जागांवर न्यायची. खोकं ढकलता येतं, ओढता येत नाही, आणि एका वेळी एकच ढकलता येतं. नियम संपले. घड्याळ नाही, शत्रू नाही, नशिबावर काही सोडलेलं नाही. बाबा एका चालीवर दहा मिनिटं विचार करत बसले तरी खेळ तसाच थांबून राहतो. त्यांच्यासाठी हाच खेळ का निवडला, ते यात आलं.

टर्मिनल की ब्राउझर

जुन्या वळणाचा खेळ म्हटल्यावर हात आधी टर्मिनलकडे, म्हणजे नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या खिडकीकडे, जातो. मीही पहिलं रूप पायथॉनमध्ये, टर्मिनलवरच लिहिलं होतं. ते सोडलं ते एका कारणासाठी. साध्या टर्मिनलमध्ये कळ दाबली गेली एवढंच प्रोग्रॅमला कळतं. ती नव्याने दाबली की आधीपासून दाबून धरल्यामुळे पुन्हा पुन्हा येते आहे, हे कळत नाही. ब्राउझर ते सांगतो. थरथरत्या बोटाच्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. तुमच्या खेळाडूला ही अडचण नसेल तर टर्मिनल खुशाल वापरा, बाकीचं सगळं तसंच लागू पडेल.

नकाशा

सोकोबानच्या पातळ्या साध्या मजकुरात लिहायची एक जुनी पद्धत आहे आणि तीच वापरावी, म्हणजे इतरांनी रचलेल्या पातळ्या जशाच्या तशा उचलता येतात. # म्हणजे भिंत, @ म्हणजे माणूस, $ म्हणजे खोकं, टिंब म्हणजे खोक्याची ठरलेली जागा. खोकं जागेवर बसलेलं असेल तर *, माणूस जागेवर उभा असेल तर +. रिकामी जमीन म्हणजे रिकामी जागा (स्पेस).

पहिली पातळी एका दाबात सुटणारी घ्या:

    #######
    #     #
    # .$@ #
    #     #
    #######

डावा बाण दाबला की संपली. ही खेळण्यासाठी नाहीच. चालणं, ढकलणं आणि जिंकल्याची ओळख या तिन्ही गोष्टी लागल्या की नाही, हे ती एका दाबात सांगते. दुसरी थोडी मोठी घ्या:

    ########
    #      #
    # .  $ #
    #   @  #
    #      #
    ########

ही सहा दाबांत सुटते. उजवी, उजवी, वर, आणि मग तीनदा डावी. पुढची सगळी उदाहरणं हिच्यावरच देते, म्हणून ती कागदावर उतरवून घेतलीत तर बरं.

नकाशा वाचताना माझी एक चूक झाली, ती तुमची होऊ नये. मी सगळा नकाशा अक्षरांच्या एकाच चौकटीत ठेवला आणि माणूस हलला की जुन्या घरात रिकामी जागा, नव्या घरात @ असं लिहीत गेले. माणूस टिंबावरून चालत गेला आणि टिंब पुसलं गेलं. मग + आणि * साठी वेगळ्या अटी घातल्या, त्या वाढत गेल्या आणि तासाभरात माझाच प्रोग्रॅम मला वाचता येईना. उपाय सोपा आहे. जे कधीच हलत नाही ते एकीकडे, जे हलतं ते दुसरीकडे. भिंती आणि ठरलेल्या जागा एकदा वाचून ठेवा, त्यांना पुन्हा हात लावू नका. माणसाचं ठिकाण हा एक आकडा, खोक्यांची ठिकाणं हा आकड्यांचा एक संच. पडद्यावर काढताना दोन्ही एकावर एक ठेवा. * आणि + ही चिन्हं मग फक्त फाइल वाचताना लागतात.

ठिकाणासाठी एकच आकडा पुरतो. ओळ गुणिले रुंदी अधिक रकाना, मोजणी शून्यापासून. दुसऱ्या पातळीची रुंदी ८ आहे. माणूस तिसऱ्या ओळीत चौथ्या रकान्यात, म्हणजे २८. खोकं २१ वर, जागा १८ वर. आता दिशा म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी. उजवी म्हणजे अधिक १, डावी म्हणजे उणे १, खाली म्हणजे अधिक ८, वर म्हणजे उणे ८.

या पद्धतीत एक धोका आहे. भिंतीला कुठे भोक राहिलं तर माणूस उजव्या कडेने बाहेर पडून पुढच्या ओळीच्या डाव्या कडेला उगवतो. म्हणून पातळी उघडतानाच माणसाच्या घरापासून चारी बाजूंना पाणी सोडल्यासारखं पसरत जा आणि ते नकाशाच्या कडेच्या घरापर्यंत पोचलं तर पातळी नाकारा. त्याच वेळी खोकी आणि जागा सारख्या संख्येने आहेत का आणि माणूस नेमका एकच आहे का, तेही पाहून घ्या. आखूड ओळी उजवीकडून रिकाम्या जागांनी भरून रुंदी सारखी करा. डावीकडच्या रिकाम्या जागा मात्र जपा. काही एडिटर आणि काही सवयीने लिहिलेले प्रोग्रॅम ओळीच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागा छाटून टाकतात आणि मग भिंती तिरक्या होतात.

एक पाऊल

खेळाचा गाभा दोन घरं पाहण्यात आहे. बाण दाबला की माणसापुढचं घर पाहा. भिंत असेल तर काही करू नका. रिकामं असेल तर माणूस तिथे जातो. खोकं असेल तर त्याच्याही पुढचं घर पाहा. तिथे भिंत किंवा दुसरं खोकं असेल तर काही करू नका. नसेल तर आधी खोकं एक घर पुढे, मग माणूस एक घर पुढे. तिसरं घर कधीही पाहावं लागत नाही. प्रत्येक ढकलण्यानंतर सगळी खोकी ठरलेल्या जागांवर आहेत का ते तपासा, असतील तर पातळी सुटली.

काही हललं नाही तर पावलांची मोजणी वाढवू नका. बाबा भिंतीवर तीनदा आपटले आणि मोजणी तीनने वाढली, तेव्हा त्यांना ते खटकलं होतं. त्यांचं बरोबर होतं.

कळ खरंच दाबली आहे का

इथे मी सगळ्यात जास्त वेळ दिला. पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले, "अगं, मी एकदाच दाबलं होतं." खोकं मात्र दोन घरं सरकून कोपऱ्यात गेलेलं. सोकोबानमध्ये कोपऱ्यात गेलेलं खोकं कायमचं गेलं. ते ओढता येत नाही, आणि ढकलायला त्याच्या मागे उभं राहावं तर तिथे भिंत. ठरलेली जागा नेमकी त्याच कोपऱ्यात असेल तरच बरं, नाहीतर एका चुकीच्या दाबाने सगळी मेहनत वाया.

यामागे दोन वेगळी कारणं असतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे.

पहिलं कारण, कळ लांब दाबली जाणं. कळ दाबून धरली की थोड्या वेळाने तीच कळ पुन्हा पुन्हा येऊ लागते. ब्राउझर अशा प्रत्येक पुनरावृत्तीवर 'रिपीट' नावाची खूण लावून देतो. सगळ्याच पुनरावृत्त्या टाकून देण्याचा मोह होतो, पण तसं केलं तर लांब बोळातून चालताना प्रत्येक पावलाला कळ दाबावी लागते आणि दुखऱ्या बोटांना तो त्रासच. माझा नियम असा आहे की चालायला पुनरावृत्ती चालेल, ढकलायला चालणार नाही. कळ धरून ठेवली की माणूस बोळातून झरझर चालत जातो आणि खोक्याला टेकला की थांबतो. ढकलायचं असेल तर बोट उचलून नव्याने दाबायचं. हा एक नियम घातल्यावर खेळाचा स्वभावच बदलला. माझ्या स्वतःच्या हाताला काही त्रास नाही, तरी आता मला दुसऱ्या पद्धतीचं सोकोबान खेळवत नाही.

दुसरं कारण, बोट थरथरून तीच कळ खरोखरच दोनदा दाबली जाणं. यात 'रिपीट'ची खूण नसते, कारण कळ मध्ये सुटलेली असते. यासाठी मी आधी मोजून घेतलं. खेळात तात्पुरती एक यादी ठेवली आणि एकाच कळीच्या लागोपाठच्या दाबांमधला वेळ तिच्यात लिहीत गेले. बाबांनी मुद्दाम दिलेले दाब कधीच २०० मिलिसेकंदांच्या आत आले नाहीत, आणि थरथरीचे जवळजवळ सगळे ४० ते ९० मध्ये होते. म्हणून १३० ची रेघ मारली. तीच कळ १३० मिलिसेकंदांच्या आत पुन्हा आली आणि पुढे खोकं असेल, तर ती सोडून द्यायची. दुसरी कळ मात्र कितीही लवकर येवो, ती घ्यायची, कारण उजवी दाबून लगेच वर जाणं ही साधी चाल आहे. माझे आकडे तुमच्या माणसाला लागू पडतीलच असं समजू नका. एक दिवस यादी ठेवा आणि त्यातून रेघ ठरवा.

कळांच्या आणखी तीन गोष्टी आहेत, त्या भराभर सांगते. बाण दाबला की ब्राउझर पान वर-खाली सरकवतो, ते 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' सांगून थांबवावं लागतं. कंट्रोल किंवा ऑल्ट धरून बाण दाबला असेल तर खेळाने त्यात पडू नये, त्या कळा ब्राउझरच्या असतात. तिसरी गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची. बाबा मराठी इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत टाइप करतात आणि कीबोर्ड बहुतेक वेळ मराठीतच ठेवतात. मी 'मागे' जाण्यासाठी यू आणि 'पुन्हा सुरू'साठी आर या कळा ठेवल्या होत्या. इन्स्क्रिप्टमध्ये त्या जागी ह आणि दीर्घ वेलांटी येते, त्यामुळे दोन्ही कळा मुक्या. ब्राउझर प्रत्येक दाबाबरोबर दोन गोष्टी देतो. 'की' म्हणजे उमटलेलं अक्षर आणि 'कोड' म्हणजे कीबोर्डवरची जागा. अक्षर पाहू नका, जागा पाहा. मग कीबोर्ड कुठल्याही भाषेत असो, कळ चालते.

मागे जाणं

खेळात ओढता येत नाही. ओढण्याचा हक्क फक्त मागे जाण्याच्या कळीला आहे आणि तो तिला हात आखडता न घेता द्यावा. मी पहिल्यांदा दहाच पावलं मागे जाण्याची सोय ठेवली होती, खेळ फार सोपा होईल या भीतीने. ती भीती चुकीची होती. कोडं तेवढंच अवघड राहतं; फक्त एका निसटत्या बोटाची शिक्षा नाहीशी होते. पहिल्या पावलापर्यंत मागे जाऊ द्या.

यासाठी नोंदही जुन्या पद्धतीनेच ठेवा. डावी, वर, उजवी, खाली या दिशांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं. नुसतं चाललं तर लहान अक्षर, ढकललं तर मोठं. प्रत्येक पावलाला एक अक्षर शेवटी जोडत जायचं. दुसऱ्या पातळीचं उत्तर म्हणजे सहा अक्षरांचा एक शब्द, पहिली तीन लहान आणि शेवटची तीन मोठी. पावलं किती ते शब्दाच्या लांबीवरून कळतं, ढकलणी किती ते मोठ्या अक्षरांवरून.

मागे जाताना शेवटचं अक्षर काढा. समजा ते 'वर'चं मोठं अक्षर आहे, माणूस २१ वर आहे आणि खोकं १३ वर. खोकं माणसाच्या घरात, म्हणजे २१ वर येतं, आणि माणूस दिशेच्या उलट, म्हणजे २९ वर जातो. लहान अक्षर असेल तर खोक्याला हात लावू नका. एवढंच.

बाबांच्या सांगण्यावरून मी दोन कळा ठेवल्या. बॅकस्पेसने एक पाऊल मागे, आणि स्पेसने शेवटच्या ढकलण्याच्या आधीपर्यंत मागे, कारण चूक नेहमी ढकलण्यातच असते आणि त्यानंतरची चाळीस पावलं एकेक करून मागे घेणं कंटाळवाणं होतं. शिवाय 'पुन्हा सुरू' ही कळही मागे घेता आली पाहिजे. एकदा बाबांचं बोट चुकून त्या कळीवर पडलं आणि दीडशेच्या वर पावलं पुसली गेली. ते काही बोलले नाहीत, नुसते उठून गेले. त्या रात्री मी जुना शब्द बाजूला जपून ठेवायची सोय केली. पातळी पुन्हा सुरू केल्यावर लगेच बॅकस्पेस दाबलं तर तो जसाच्या तसा परत येतो.

पडद्यावर

सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असतील असा फॉण्ट घ्या. अशा फॉण्टमध्येही अक्षराची उंची रुंदीपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे चौकोनी गोदाम उभट दिसतं. एका घराला दोन अक्षरं द्या, म्हणजे ते बरंचसं चौकोनी होतं. खोकं म्हणजे [] अशी कंसांची जोडी. १९८४ मध्ये अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर टेट्रिस लिहिलं तेव्हा त्या यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून त्यांनीही ठोकळे कंसांचेच केले होते. जागेवर बसलेलं खोकं मी {} असं दाखवते. सुरुवातीला फक्त रंग बदलत होते, पण संध्याकाळच्या उजेडात बाबांना तो फरक दिसेना. रंगाबरोबर आकारही बदला. अक्षरं मोठी ठेवा, काळ्यावर फिकट पिवळी. आवाज मी ठेवलेला नाही.

मेलेली घरं

दुसऱ्या पातळीत उजवी आणि मग वर दाबून पाहा. खोकं वरच्या भिंतीला चिकटलं. आता ते डावी-उजवीकडे सरकेल, पण खाली कधीच येणार नाही, कारण खाली ढकलायला भिंतीत उभं राहावं लागेल. त्या ओळीत ठरलेली जागा नाही, म्हणजे दोन दाबांत डाव मेला. नवख्या खेळाडूला सगळ्यात आधी हे शिकवा. कोपरा दिसतो, भिंत फसवते.

अशी घरं शोधायची सुंदर रीत म्हणजे उलटं चालणं. खोकं ठरलेल्या जागेवर आहे असं धरा आणि तिथून ते ओढत न्या. ओढताना माणसाला खोक्याच्या पुढे दोन मोकळी घरं लागतात, हे विसरू नका. ओढत ओढत जिथे पोचता येत नाही ती सगळी घरं मेलेली. आपल्या पातळीत जमिनीची २४ घरं आहेत. त्यांतली १६ मेलेली आणि जिवंत फक्त ८, मधल्या दोन ओळींतली मधली चार-चार. मोकळ्या दिसणाऱ्या खोलीत इतकी थोडी जागा असते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थक्क झाले.

याने प्रत्येक मेलेला डाव पकडला जात नाही. दोन खोकी एकमेकांना भिंतीशी अडवून बसतात तेव्हा प्रत्येकाचं घर जिवंतच असतं. डाव सुटेल की नाही हे खात्रीने सांगणं किती अवघड आहे, हे जोसेफ कल्बरसन यांनी १९९७ मध्ये दाखवलं. सोकोबान पीस्पेस-कंप्लीट आहे, म्हणजे कुठल्याही पातळीचं उत्तर झटपट सांगणारी रीत कुणालाच माहीत नाही अशा अवघड कोड्यांच्या वर्गातलं. म्हणून 'डाव मेला' अशी घोषणा करणारा प्रोग्रॅम लिहायच्या मागे लागू नका. मी मेलेली घरं सतत दाखवून पाहिली तेव्हा बाबांचा रस गेला. आता एक मदतीची कळ आहे, ती धरून ठेवली तेवढाच वेळ घरं फिकट होतात.

पातळ्या आणि तपासणी

मूळ खेळाच्या पातळ्या उचलू नका, त्या त्यांच्या मालकांच्या आहेत. डेव्हिड स्किनर यांचा मायक्रोबान हा १५५ छोट्या पातळ्यांचा संच सुरुवातीसाठी उत्तम आहे. तो श्रेय देऊन वाटता येतो, तेव्हा त्यांचं नाव पडद्यावर ठेवा. त्यातल्या बहुतेक पातळ्या एका नजरेत मावतात, एकेक कल्पना शिकवतात आणि मोठ्या अक्षरांतही पडद्यावर बसतात.

चालू डाव ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझर त्याच संगणकावर माहिती ठेवतो त्या जागेत, जपून ठेवा. पातळीचा क्रमांक आणि तो अक्षरांचा शब्द, बस्स. उघडताना पातळी सुरुवातीपासून मांडा आणि शब्द एका क्षणात पुन्हा चालवा. डाव होता तिथे येतो आणि मागे जायची सोयही शाबूत राहते.

सुटलेल्या पातळ्यांचे शब्दही मी टाकून देत नाही. प्रोग्रॅममध्ये काही बदललं की बाबांची आतापर्यंतची सगळी उत्तरं एकामागून एक चालवून पाहते. प्रत्येक शब्दाच्या शेवटी सगळी खोकी जागेवर असली पाहिजेत. मागच्या महिन्यात मदतीची कळ घालताना खोक्यांच्या संचाला चुकून धक्का लागला आणि सत्ताविसाव्या पातळीचं उत्तर मध्येच अडलं. चूक बाबांच्या हाती लागायच्या आत सापडली.